किक मारा, पण डोकं लावून!

सीन असा आहे. गणपतीला सुट्टी टाकून तुम्ही गावी अष्टमीला आलात. पडवीत बाबांची शंभर सीसीची बाइक उभी आहे. हार-फुलं आणायला कुंडलिकेच्या पलीकडे रोह्याच्या बाजारात जायचंय. चावी फिरवली, किक मारली. काही नाही. दुसरी, पाचवी, पंधरावी... शर्ट घामाने चिंब, आतून आईची हाक, शेजारचे काका ओट्यावरून मजा बघताहेत. ऑफिसात अख्खी टीम हँडल करणाऱ्या माणसाला एक छोटी बाइक हँडल होत नाही? इज्जतीचा सवाल आहे, बॉस!

टेन्शन नका घेऊ. हीरो होंडाची सीडी १०० १९८५ मध्ये आली आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. तेव्हापासून कोकणातल्या कित्येक घरांचा संसार अशाच गाड्यांवर चाललाय. दूध, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्यावरच. या इंजिनांचा फंडा एकदम साधा आहे. सुरू व्हायला चारच गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन. गाडी रुसली म्हणजे यातली एक गोष्ट कमी पडतेय. कोणती, तेवढं शोधायचं.

आधी फुकटातले उपाय. पेट्रोलचा कॉक ‘ऑन’वर आहे का? नसेल लागत तर ‘रिझर्व्ह’वर टाका. हँडलवर लाल किल स्विच असेल तर तो बघा. घरात लहान मुलं असतील तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्या! हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना साइड स्टँड खाली असला की इंजिन सुरूच होत नाही. गाडी न्यूट्रलला आहे ना? टाकीत पेट्रोल किती, हे काट्यावर विसंबून ठरवू नका. झाकण उघडा आणि गाडी हलवून आवाज ऐका. हसू नका, भल्याभल्यांची गाडी इथेच अडते.

आता हॉर्न दाबा. आवाज बसलेला आला किंवा आलाच नाही, तर बॅटरी उतरलीय. महिनाभर उभ्या गाडीत हे होणारच. जुन्या किकवाल्या गाडीचं बॅटरीवाचून फारसं अडत नाही, पण सेल्फ विसरा. इंडिकेटरपासून हॉर्नपर्यंत सगळंच गप्प असेल तर फ्यूज तपासा. तो बॅटरीजवळच असतो.

चोक ओढून खूप किका मारल्यात आणि पेट्रोलचा वास येतोय? म्हणजे इंजिन ‘ओव्हरफ्लो’ झालंय. आता चोक ओढलेला ठेवून आणखी किका म्हणजे दुखण्यात भर. चोक बंद करा, पाच मिनिटं थांबा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि सात-आठ किका मारा. आत साचलेलं पेट्रोल उडून जाईल. बऱ्याचदा काम इथेच फत्ते होतं.

नाही झालं? मग प्लग काढा. किटमध्ये प्लगचा पाना असतो. इंजिन गरम असेल तर आधी गार होऊ द्या. प्लग म्हणजे गाडीचा ब्लड रिपोर्ट. टोक विटकरी असेल तर तब्येत ठणठणीत. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो. टोक पेट्रोलने ओलं म्हणजे पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये. इतक्या किकांनंतरही कोरडं ठणठणीत, तर पेट्रोल पोचतच नाहीये. प्लग पुसा, बारीक पॉलिश पेपरने घासा, गॅप मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा.

आता ठिणगी. प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, कॅप कोरड्या फडक्याने धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी किक मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून लांब हं, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, कडक ठिणगी दिसली तर वायरिंग ओके. पिवळी, मरतुकडी किंवा गायब असेल तर नवा प्लग लावून बघा. तरीही अंधार असेल तर कॉइल, सीडीआय नाहीतर वायर. तिथून पुढे मेकॅनिकचं राज्य.

कोकणात खरा व्हिलन म्हणजे पाणी. पावसाळाभर पडवीत ओल असते आणि टाकी अर्धी रिकामी. शिवाय आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर किंवा मोत्यासारखे थेंब दिसले की चोर सापडला. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत सोडा. हे करताना जवळ सिगरेट नको, देवाजवळची समईसुद्धा नको!

गाडी चोकवर सुरू होते, पण चोक बंद केला की मरते? उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकटा उरतो आणि पायलट जेट जाम होतो. कार्बोरेटर साफ करायला द्या. दोन-चार किलोमीटर चालून बंद पडते, थोड्या वेळाने परत सुरू होते? टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आणि किक एकदम हलकी, पोकळ लागली तर कॉम्प्रेशन गेलंय. हा घरचा उपाय नाही.

तुमची बाइक एप्रिल २०२० नंतरची असेल तर बहुधा तिला कार्बोरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन सेकंद ‘ऊंऽऽ’ आवाज येतो का, ऐका. नाही आला तर आधी फ्यूज आणि बॅटरी. इथे बॅटरीच सगळ्याची मालकीण. ती पार मेली असेल तर धक्का मारूनही बऱ्याच गाड्या दाद देत नाहीत. पेट्रोलही तळाला जाऊ देऊ नका, कारण तो पंप पेट्रोलमध्येच गार राहतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर किकला हात, म्हणजे पाय, लावूच नका! सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं. सरळ ढकलत गॅरेजला न्या.

आणि गॅरेजमध्ये ‘दादा, बंद पडलीय’ एवढंच सांगू नका. ‘ठिणगी चांगली आहे, प्लग कोरडा आहे’ असं सांगा. अंदाजाने आधी प्लग, मग कॉइल, मग सीडीआय बदलायचा खर्च वाचतो. कारण तुम्ही सोमवारी लॅपटॉप उघडून बसाल, पण त्या गाडीवर बाबांना रोज पूल ओलांडायचाय. साठीच्या गुडघ्याला वीस किका मारायला लावणं बरं नाही.

जाता जाता : शहरात परतण्याआधी टाकी फुल्ल करा, कॉक बंद करा, जमल्यास बॅटरीची वायर काढून ठेवा. डिकीत एक जादा प्लग आणि फ्यूज असू द्या. आणि घरी सांगून ठेवा : आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटं चालवायची. उभी राहिली की माणूस काय नि गाडी काय, आखडतेच!