ऐकण्यासारखं : वहीत नसलेल्या चाली

मैत्रिणींनो, मागे एकदा जाझ संगीताबद्दल चार ओळी लिहिल्या आणि एका भगिनीचं पत्र आलं. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून दुपारचं मागचं आवरून लावून पाहिलं. पाचजण पाच निरनिराळ्या गोष्टी वाजवताहेत असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, वाद्यं जुळवून झाली की मला हाक मार!"

सासूबाईंचं चुकलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एवढं ध्यानात ठेवा. जाझमध्ये बहुतेक वेळा आधी एक चाल सरळ वाजवतात. मग त्या चालीचं आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि त्यावर एकेक वादक आपल्या मनचं वाजवतो. शेवटी सगळे मूळ चालीवर परत येतात. बंदिश, विस्तार आणि पुन्हा मुखडा, हे आपल्याला का नवीन आहे? सुरुवातीची चाल मनात गुणगुणून ठेवली की पुढची वाट चुकत नाही. आणि हे सूर तरी कुठे अगदी परके आहेत? सी. रामचंद्रांचा १९५१ सालचा 'अलबेला' आठवा. त्यात ट्रंपेट घेऊन पडद्यावर दिसतात ते गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईत जाझचा बँड चालवत असत.

आता ही मूळ चाल कोणाची, हा प्रश्न येतो, आणि आजच्या रेकॉर्डींची गोष्ट तिथूनच सुरू होते.

अमेरिकेत बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९७०च्या दशकात जाझच्या चालींची एक जाडजूड वही तयार झाली. तिचं नाव 'द रिअल बुक'. कुणाची परवानगी न घेता छापलेली, हातोहात विकली जाणारी! २००४ मध्ये ती रीतसर निघाली, पण तोवर जगभरचे विद्यार्थी तिच्यावरून शिकून मोकळे झाले होते. या वहीत बायकांच्या चाली जवळजवळ नव्हत्याच. वहीत नाही म्हणून शिकवत नाहीत, शिकवत नाहीत म्हणून वाजवत नाहीत, आणि वाजवत नाहीत म्हणून बायका चाली करतच नाहीत असा सगळ्यांचा समज. बायकांनी गावं, हे मात्र सर्वांना मान्य!

टेरी लिन कॅरिंग्टन ही ड्रम वाजवणारी बाई. सात वर्षांची असताना तिला आजोबांचे ड्रम मिळाले. अकराव्या वर्षी याच बर्कलीची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे ती तिथेच शिकवू लागली. तिने २०२२ मध्ये १०१ स्त्री-रचनाकारांच्या १०१ चालींचं पुस्तक काढलं आणि त्यातल्या अकरा चाली निवडून 'न्यू स्टँडर्ड्स, व्हॉल्यूम १' ही रेकॉर्ड केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालं. सारा कॅसी, कार्ला ब्ले, अ‍ॅबी लिंकन, एलियान एलियास अशा वेगवेगळ्या पिढ्यांच्या बायकांच्या चाली इथे शेजारी शेजारी येतात. मला सर्वांत आवडली ती पहिलीच, सारा कॅसीची 'विंड फ्लॉवर'. दोनतीनदा ऐका, मग पोळ्या लाटताना आपसूक ओठांवर येते की नाही पाहा. इतकी चांगली चाल इतकी वर्षं फारशी कुणी वाजवू नये, याचं मात्र वाईट वाटतं.

त्या पुस्तकात लिल हार्डिन आर्मस्ट्राँगही आहे. लुई आर्मस्ट्राँगची ही बायको. तिची ओळख बहुधा एवढीच सांगतात! १९२५ साली लुईच्या गाजलेल्या 'हॉट फाइव्ह'मध्ये पियानोवर तीच होती आणि कितीतरी चाली तिच्या होत्या. त्याआधी, दुसऱ्याच्या बँडमध्ये मागे मागे राहणाऱ्या नवऱ्याला "बाहेर पड, स्वतःचं नाव कर" म्हणून ढकललं तेही तिनेच. पुढे दोघं वेगळी झाली. जुलै १९७१ मध्ये लुई गेला. ऑगस्टमध्ये शिकागोला त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. त्यात पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली आणि गेली.

लकेशिया बेंजामिन न्यूयॉर्कची, सॅक्सोफोन वाजवते. २०२१ मध्ये मोटारीच्या अपघातात तिचा जबडा मोडला. सॅक्सोफोन दातांत आणि ओठांत धरून फुंकायचा असतो, म्हणजे तिची सारी मिळकत त्या जबड्यावर! तरी काही आठवड्यांतच ती दौऱ्यावर निघाली. २०२३ ची 'फिनिक्स' ही त्यानंतरची रेकॉर्ड, आणि ती कॅरिंग्टनच्याच देखरेखीखाली झाली आहे. वाजवणं अगदी धगधगीत. पाहुण्यांची गर्दी मात्र मला जरा जास्त वाटली. घरच्या यजमाणीला बसायला जागा हवी ना! डोकं दुखत असेल त्या दिवशी लावू नका.

त्या दिवशी समारा जॉय लावा. जन्म १९९९ चा, घराण्यात चर्चमधलं गाणं, आवाज भरदार आणि गोल. वाद्यावर कुणी उत्स्फूर्त वाजवलेल्या सुरावटीला ती शब्द बसवते. आपल्याकडे कुणी एखाद्या लांबलचक तानेवर गीत रचावं, तसंच काहीसं. २०२२ च्या 'लिंगर अव्हाइल'मध्ये फॅट्स नव्हारोच्या ट्रंपेटवर असे शब्द आहेत. २०२४ च्या 'पोर्ट्रेट'मध्ये तिने चार्ल्स मिंगसच्या एका अवघड रचनेला शब्द दिले. तिथे सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता आवाज. आमच्या घरी तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवतात.

सेसिल मॅक्लॉरिन साल्वांची 'मेल्युझिन' (२०२३) बरीचशी फ्रेंच भाषेत आहे. शनिवारी मला पाहायचं नाही, अशी अट घालून लग्न केलेल्या आणि शनिवारी अर्धी नागीण होणाऱ्या बाईची ती कथा. नवरा अट मोडतो आणि ती निघून जाते. शंतनू आणि गंगा आठवतात ना? यात एक गाणं बाराव्या शतकातल्या दोन स्त्री-कवींचं आहे. सेसिलचे वडील हैतीचे. त्यांच्या मदतीने तिने ते तिथल्या क्रिओल भाषेत आणलं आहे.

जाता जाता एक सूचना. फोन रिकाम्या पातेल्यात उभा ठेवला की आवाज मोठा होतो, ही युक्ती आपणा सर्वजणींना ठाऊक आहे. भजनाला ती चालते. जाझला चालत नाही, कारण खर्जात चालणारा डबल बास त्यात बुडून जातो आणि सासूबाई म्हणतात तसा गोंधळ तेवढा उरतो. मुलांचे हेडफोन तासभर मागून घ्या आणि आधी तो बासच शोधा.