पणजोबांचा माग



आपल्या कित्येक घरांत जुन्या पेटीच्या तळाशी एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असते. अंगात खाकी गणवेश, कमरेला पट्टा, मान ताठ. "हे कोण?" असे नातवाने विचारले, की आजी म्हणते, "ते तुझे पणजोबा, पोलिसांत होते." कोणत्या ठाण्यावर होते, केव्हा भरती झाले, कोठे वारले, हे मात्र तिलाही सांगता येत नाही. अशाच एका विस्मृतीत गेलेल्या पोलिसाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती दूर देशीची आहे खरी. परंतु तिच्यातला धडा आपल्या बोरगावच्या घरांनाही उपयोगी पडेल.

मायकेल केनेडी हे मूळचे आयर्लंडमधील वेस्टमीथ परगण्याचे. त्यांचा जन्म १८४२ च्या सुमारास एका कॅथलिक कुटुंबात झाला. ते लहान असतानाच, १८४५ साली, बटाट्याच्या पिकावर रोग पडला. तेथील गरिबांचे बटाटा हेच अन्न. आपल्याकडे ज्वारी लागोपाठ अनेक वर्षे बुडावी, तशी अवस्था झाली. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मृत्यू पावली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढील काळातही हा ओघ थांबला नाही. केनेडीही तरुणपणी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत गेले आणि १८६४ साली तेथील पोलीसदलात दाखल झाले. त्या दलात त्या काळी आयरिश लोकांचाच भरणा अधिक होता. पुढे ते सार्जंट झाले व मॅन्सफील्ड या गावी पत्नी ब्रिजेट आणि पाच मुले यांच्यासह राहू लागले.

ऑक्टोबर १८७८ मध्ये नेड केली नावाच्या फरारी तरुणाला पकडण्यासाठी केनेडी तीन शिपायांना घेऊन रानात गेले. २६ तारखेला स्ट्रिंगीबार्क ओढ्याकाठी केलीच्या टोळीने त्यांच्या तळावर छापा घातला. लोनिगन, स्कॅनलन आणि स्वतः केनेडी असे तिघे मारले गेले. तिघेही जन्माने आयरिश. चौथा शिपाई मॅकिन्टायर घोड्यावरून निसटला, म्हणूनच घडलेले जगाला कळले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नेड केली हाही आयरिश कॅथलिक घरचाच मुलगा. दोन डुकरे चोरल्याच्या आरोपावरून त्याच्या बापाला शिक्षा होऊन सातासमुद्रापलीकडे धाडण्यात आले होते. त्या घराने दारिद्र्य सोसले होते, आणि पोलिसांनी आपला छळ केला असे त्याचे म्हणणे होते. एकाच दुष्ट काळाची ही दोन लेकरे रानात समोरासमोर उभी ठाकली. ११ नोव्हेंबर १८८० रोजी केलीला मेलबर्न येथे फाशी झाली. परंतु पुढे काय घडले? केलीवर गाणी झाली, पुस्तके झाली, १९०६ साली चित्रपटही निघाला. मारल्या गेलेल्या पोलिसांना मॅन्सफील्डच्या चौकात एक दगडी स्मारक लाभले. पण लोकांच्या मुखी त्यांची नावे राहिली नाहीत.

ती नावे पुन्हा पुढे आणण्यासाठी केनेडींचा पणतू लिओ केनेडी याने पुढाकार घेतला. २०१८ साली त्याने एका सहलेखकाच्या साहाय्याने ग्रंथ प्रसिद्ध करून पोलिसांच्या घरची बाजू जगापुढे ठेवली. मरण पावलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ते काम त्याच्या वंशजांनीच करावयाचे असते.

अशा पूर्वजाचा माग निघतो कसा? तो नेहमी शेवटाकडून आरंभाकडे काढावा. व्हिक्टोरियात १८५३ पासून सरकारी मृत्युनोंद ठेवण्यात येऊ लागली. तीत मृताचे आईबाप, जन्मस्थान, वसाहतीत येऊन झालेली वर्षे, विवाह आणि मुले यांचीही माहिती मागत. म्हणजे मरणाचा कागदच जन्मगावाची वाट दाखवितो! पोलिसाच्या बाबतीत नोकरीची सेवापत्रकेही साहाय्य करतात. गाव कळले, की मग समुद्रापलीकडे आयर्लंडात शोध घ्यावा.

पण तेथे मोठी अडचण उभी राहते. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना स्फोट होऊन जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे बहुतेक सर्व कागद भस्मसात झाले. कॅथलिक पॅरिशमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या मात्र वाचल्या. का? त्या राजधानीत नव्हत्याच. खेड्यापाड्यांत धर्मगुरूंच्या कपाटांत होत्या! राजधानीने गमावले ते खेड्याने राखले. आता २०१५ पासून हजारांहून अधिक पॅरिशच्या त्या वह्यांची छायाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. बऱ्याच नोंदी लॅटिन भाषेत असल्याने जेम्सचा 'याकोबुस' झालेला असतो, एवढे ध्यानात ठेवावे. शिवाय १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथची जमीनमोजणी आहे. कोणाच्या ताब्यात कोणाची किती जमीन होती, हे तीत आपल्या पटवाऱ्याच्या खसऱ्याप्रमाणे सापडते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या ठाण्याचा आणि आयर्लंडचा संबंध अगदीच नाही असे नव्हे. १८४३ साली सिंध जिंकल्यावर नेपियरने तेथे पोलीसदल उभारले, ते आयरिश दलाच्या धर्तीवर. आणि १८६१ च्या कायद्याने देशात जी पोलीसव्यवस्था आली, तिच्यावरही त्या नमुन्याची छाप आहे. म्हणून पेटीतल्या त्या पणजोबांचा शोध घेणारानेही हीच रीत धरावी. प्रथम घरातील वृद्धांना विचारावे. पेन्शनचा कागद, बिल्ला, जुनी पत्रे जपावीत. मग चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद पाहावी; तीत आईबापांबरोबर धर्ममातापित्यांचीही नावे असतात, आणि त्यांवरून नातीगोती उलगडतात. सरकारी कागद शोधताना दोन गोष्टी विसरू नयेत. १९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. आणि पांढुर्णा जिल्हा २०२३ साली झाला, त्यापूर्वी आपला जिल्हा छिंदवाडा होता. आजचा पत्ता धरून कालचा कागद सापडत नाही.

यांपैकी काहीच जमले नाही, तर निदान एक काम आजच करावे. ते छायाचित्र पेटीतून काढावे, आजीजवळ बसावे, आणि ती सांगेल ते नाव, गाव व साल पेन्सिलीने त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. केनेडींच्या पणतूच्या हाती कागद तरी होते. आपल्याकडे पुष्कळदा आजीची स्मृती हाच एकमेव कागद असतो, आणि त्याची दुसरी प्रत कोठल्याही दप्तरखान्यात नसते.