‘शल’ आणि ‘मे’ यांमधील अंतर

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून सक्तीचा झाला, त्यास आता दोन तपांहून अधिक काळ लोटला आहे. २००० सालापूर्वी तो पाचवीत सुरू होत असे. त्या निर्णयाच्या वेळी जो वाद झडला, तो मुख्यतः इंग्रजी केव्हा सुरू करावी याविषयी होता. वर्गात ती कशी शिकवावी आणि कशासाठी शिकवावी, हे प्रश्न त्या धुरळ्यात बाजूला पडले आणि आजही ते बाजूलाच आहेत. वस्तुतः कष्टकऱ्यांच्या मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे.

एखाद्या तालुक्याच्या गावातील दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. फळ्यावर एक वाक्य लिहिलेले असते : चहा पिण्यास फार गरम आहे. सूचना असते, ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा. मुले ‘टू’च्या जागी ‘सो’ घालतात, पुढे ‘दॅट’ जोडतात, ‘कॅनॉट’ लिहितात आणि उत्तर बिनचूक येते. ‘नो सूनर’ आले की ‘दॅन’ आणायचे, कर्तरी वाक्याचे कर्मणी करताना शेवटी ‘बाय’ लावायचे, ही सूत्रेही त्यांना मुखोद्गत असतात. गुण पडतात, निकाल लागतो. पण त्याच मुलाला गावातील बंद पडलेल्या नळाविषयी चार इंग्रजी वाक्ये लिहावयास सांगितली तर लेखणी अडते. वाक्याची मोडतोड करण्याचे कसब त्याला दिले गेले. वाक्य बोलण्याचे कारण मात्र कधीच दिले गेले नाही.

हा केवळ समज नव्हे. ‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांशांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातील जेमतेम बेचाळीस जणांच्या पदरी अर्थासह वाचन पडले. तेही साध्या, सोप्या वाक्यांचे.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिक बोलके होते. २००५ साली झालेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे आझम, चिन आणि प्रकाश या अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, इंग्रजी अस्खलितपणे बोलणाऱ्या पुरुषांचे तासाचे वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी जास्त होते, तर जुजबी इंग्रजी येणाऱ्यांचे १३ टक्क्यांनी. प्रौढांमध्ये अस्खलित बोलणारे होते अवघे चार टक्के. खाजगी शाळांच्या जाहिराती या वाढीव वेतनाचीच आशा विकतात. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कोणी सांगत नाही. तरुण कामगारांपैकी ज्यांचे शिक्षण अधिक, त्यांनाच इंग्रजीचा हा लाभ मिळत होता. कमी शिकलेल्या तरुणाला तो मिळत नव्हता. याचा अर्थ असा की, इंग्रजी ही ज्ञानाला पर्याय नाही. गणित, विज्ञान आणि मातृभाषेतील विचारशक्ती कच्ची ठेवून वर चढवलेला इंग्रजीचा मुलामा बाजारातही टिकत नाही. मोलमजुरी करणारी आई पोटाला चिमटा काढून मुलाच्या ‘इंग्लिश मीडियम’ची फी भरते, तेव्हा पुष्कळदा तिच्या हाती हा मुलामाच ठेवला जातो.

मग इंग्रजीचे व्याकरण शिकवूच नये काय? असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. नियमांची घोकंपट्टी सोडा आणि मुलांना नुसते बोलते करा, हा सल्ला ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आणि इंग्रजी बोलणारी माणसे आहेत, त्यांना परवडतो. ज्याला ही भाषा केवळ शाळेच्या चार भिंतींतच भेटते, त्याला व्याकरण अधिक नीट शिकवले पाहिजे. मात्र अर्थाशी आणि त्याच्या जगण्याशी जोडून.

कर्जाच्या करारपत्रात दोन लहान क्रियापदे असतात : ‘शल’ आणि ‘मे’. कर्जदाराने हप्ता ठरल्या तारखेस भरावा, येथे ‘शल’ असते. बँक दंडव्याज माफ करू शकेल, येथे ‘मे’ येते. एकाच्या माथी बंधन, दुसऱ्याच्या हाती मर्जी. ‘बाय’ आणि ‘आफ्टर’ यांतील भेद न कळल्याने अर्जाची मुदत टळते. ‘अनलेस’ नजरेतून सुटल्याने सही करणाऱ्याला अट कळत नाही. पाठ्यपुस्तकात ही सारी ‘सहाय्यक क्रियापदे’ आणि ‘अव्यये’ म्हणून येतात आणि रिकाम्या जागा भरून संपतात. वास्तविक हा हक्कांचा धडा आहे.

कर्मणी प्रयोगाचेही तेच. ‘जमीन संपादित करण्यात आली’, ‘कामगारांना कमी करण्यात आले’ ही सरकारी मराठी सर्वांच्या परिचयाची आहे. इंग्रजीतील ‘द लँड वॉज अ‍ॅक्वायर्ड’ हे वाक्य त्याच जातीचे. कर्ता कोण, हे त्यात सांगितलेले नसते. परीक्षेत विद्यार्थी यांत्रिकपणे प्रयोग बदलतो. शिक्षकाने त्याला एवढेच विचारावे : या वाक्यात कोण लपला आहे? त्याला बाहेर काढून वाक्य पुन्हा लिही. त्या क्षणी व्याकरण हे कवायतीचे मैदान न राहता विचाराचे साधन बनते, आणि नियमही अधिक पक्का बसतो.

येथे मातृभाषा आड येत नाही, उलट साहाय्य करते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीत ते पुढे उभे राहते. ‘रामाने पोळी खाल्ली’ यात क्रियापद पोळीच्या मागे जाते, इंग्रजीत असे होत नाही. मुलांच्या चुका बव्हंशी याच सांध्यांवर होतात. त्या चुकांना हसण्याऐवजी दोन भाषांची रचना फळ्यावर शेजारी शेजारी मांडली, तर चूक हीच शिकवणी होते. वर्गात मराठी शब्द उच्चारल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळांनी हे साधनच फेकून दिले आहे.

सामान्य शाळेत असे काही जमत नाही, हा आक्षेप जुना आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही सर्वसाधारण शाळांत एक प्रयोग केला. नियमांची यादी बाजूस ठेवून मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टींवरची छोटी कोडी इंग्रजीतून सोडवावयास दिली. लक्ष अर्थावर राहावे आणि रचना त्या ओघात अंगवळणी पडावी, ही त्यामागील धारणा. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो भाषाशिक्षणाच्या जगात प्रसिद्ध झाला. प्रभूंच्या पद्धतीतील सर्व काही स्वीकारावे असे नव्हे. व्याकरणाकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधणेही आवश्यक आहे. परंतु महागडी साधने नसतानाही वर्ग विचारप्रवृत्त होऊ शकतो, एवढे त्याने नक्कीच दाखवून दिले.

राममनोहर लोहियांच्या ‘अंग्रेजी हटाओ’ आंदोलनाचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांना ही भूमिका कदाचित खटकेल. पण त्या आंदोलनाचा रोख मूठभरांच्या सत्तेचे कुंपण बनलेल्या इंग्रजीवर होता. ते कुंपण आजही उभे आहे. १९६४ चा राजभाषा अधिनियम असूनही संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. हे कुंपण हटवण्याचा लढा चालूच राहिला पाहिजे. मात्र तो जिंकला जाईपर्यंत कुंपणापलीकडचे कागद गरिबाच्या मुलाला वाचता येऊ नयेत, असा त्याचा अर्थ होत नाही. श्रीमंताची मुले इंग्रजी घरी शिकतात. शाळेतील ढिसाळपणाची किंमत केवळ दुसऱ्यांची मुले मोजतात.

म्हणून दोन मागण्या एका श्वासात केल्या पाहिजेत : ज्ञानाचे माध्यम मराठी, आणि मराठी शाळेत उत्तम इंग्रजी. त्यासाठी शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे, त्याला इंग्रजीचे सलग प्रशिक्षण द्यावे, आणि परीक्षेतील ‘टू’ काढा, ‘सो’ घाला यांचे गुण घटवून अर्ज, नोटीस, करार यांच्या आकलनाला द्यावेत. कार्यकर्त्यांनीही वाट पाहत बसू नये. संध्याकाळच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एकदा एखादे विजेचे बिल, विम्याची अट किंवा नोकरीचे नेमणूकपत्र मुलांपुढे ठेवावे आणि विचारावे : यात ‘शल’ कोणासाठी आहे, आणि ‘मे’ कोणासाठी? ज्या दिवशी शेतमजुराची मुलगी या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊन बापाला सांगेल, ‘आबा, थांबा, सही करू नका’, त्या दिवशी तिचे व्याकरण शिकून झाले असे म्हणता येईल.