एका रात्रीचा बार: मॅच, यात्रा आणि कॉन्सर्टमध्ये दारूला परवानगी कोण देतं, आणि तुम्हाला कोण विचारतं?

समजा, पारोळ्यात एका मोकळ्या मैदानावर टेनिस बॉलची नाईट टुर्नामेंट ठरली. बॅनर लागले, फ्लडलाइट आले, युट्यूबवर लाइव्ह दाखवायची सोय झाली. आणि आयोजकांनी जाहीर केलं की यंदा मैदानाच्या एका कोपऱ्यात बिअरचा स्टॉल असेल. रीतसर परवाना काढून.

पुढे काय होईल? दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीवर निवेदन जाईल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संस्कृतीवरून भांडणं लागतील. नेतेमंडळी स्टेटस टाकतील. स्टॉल बहुधा रद्द होईल.

आता तीच टुर्नामेंट, पण स्टॉल नाही. त्याऐवजी मैदानामागे उभ्या गाड्यांच्या डिक्कीत बाटल्या आहेत, प्लास्टिकचे ग्लास आहेत आणि रात्री साडेअकराला त्यातले चार जण बाईकवर बसून महामार्गाला लागतात. याच्यावर निवेदन कोण देतं? बहुतेक कोणीच नाही.

सार्वजनिक कार्यक्रमात दारूला परवानगी असावी की नसावी, हा वाद आपण नेहमी पहिल्या चित्रावर घालतो. त्रास मात्र दुसऱ्या चित्राचा होतो. म्हणून आधी हे परवान्याचं प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

पुण्यात काय झालं होतं?

२४ नोव्हेंबर २०२४. पुण्याच्या कोथरूडमध्ये काकडे फार्मवर दिलजीत दोसांझचा कॉन्सर्ट होता. कार्यक्रमात मद्य देण्यासाठी परवानगी मिळालेली होती. स्थानिक लोकांनी आणि राजकीय कार्यकर्त्यांनी विरोध सुरू केला. आदल्याच दिवशी विधानसभेचा निकाल लागून कोथरूडमधून पुन्हा निवडून आलेले चंद्रकांत पाटील यांनीही जाहीर विरोध केला. शेवटी राज्य उत्पादन शुल्क विभागानं ऐनवेळी मद्याची परवानगी रद्द केली. कॉन्सर्ट झाला, बार झाला नाही.

कुणाला हा जनतेचा विजय वाटला, कुणाला दुटप्पीपणा. पण एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. आधी परवानगी दिली तेव्हा कोणत्या नियमात बसत होतं, आणि रद्द केली तेव्हा कोणत्या नियमात बसेना झालं? आजूबाजूला राहणाऱ्यांना आक्षेप घ्यायचाच होता, तर तो आधी नोंदवायची जागा कोणती होती?

कायदा काय म्हणतो?

दारूचा विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिला आहे. म्हणून प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. हो, नाव आजही दारूबंदी कायदाच आहे. त्याची रचना अशी, की मुळात सगळ्यालाच मनाई, आणि परवाना असेल तर त्यापुरती सूट.

ही सूट दोन बाजूंनी लागते. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि पिणाऱ्यालाही लागतो. बीअर आणि वाइनसाठी किमान वय २१, बाकी मद्यासाठी २५. पिणाऱ्यासाठी वर्षाचा, आजीवन आणि एक दिवसाचाही परवाना असतो. थर्टी फर्स्टच्या बातम्यांमध्ये एक दिवसाच्या परवान्यांचा उल्लेख येतो, तो हाच.

विकणाऱ्यांमध्ये दुकान, परमिट रूम, क्लब असे वेगवेगळे परवाने आहेत. याशिवाय एखाद्या पार्टीसाठी किंवा कार्यक्रमासाठी तात्पुरता, एक दिवसाचा परवाना मिळतो. जिल्ह्यात हे काम राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि जिल्हाधिकारी यांच्या अखत्यारीत येतं. म्हणजे पारोळ्यातल्या कार्यक्रमाची फाइल जळगावला जाते.

कार्यक्रमाची परवानगी मात्र वेगळी असते. गाणं, तमाशा, ऑर्केस्ट्रा, सामने यांच्यासाठी पोलीस आणि महसूल प्रशासनाकडे जावं लागतं. लाऊडस्पीकरची वेळ आणखी वेगळी: रात्री १० पर्यंत, आणि वर्षातले सरकारनं ठरवलेले मोजके दिवस १२ पर्यंत. थोडक्यात, तीन वेगवेगळ्या परवानग्या, आणि प्रत्येकाची जबाबदारी दुसऱ्याच्या टेबलावर.

दुकानाला मतदान, स्टॉलला नाही

खरी गंमत इथे आहे. कायमस्वरूपी दारू दुकानाच्या बाबतीत महाराष्ट्रात लोकांना बऱ्यापैकी अधिकार आहेत. शाळा, धार्मिक स्थळ यांच्यापासून ठरावीक अंतर लागतं. 'उभी बाटली, आडवी बाटली' तर सगळ्यांना माहीत आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. मतदानाला न आलेली बाईसुद्धा एका अर्थानं दुकानाच्या बाजूनं मोजली जाते, इतकी ही अट कडक आहे. तरीही अनेक गावांतल्या महिलांनी ती पार करून दाखवली.

२०२५ च्या मार्चमध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत आणखी एक घोषणा केली. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉप किंवा दारू दुकान काढायचं असेल तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल.

आता हेच सगळं एका रात्रीच्या परवान्याला लावून बघा. सह्या गोळा करून, पडताळणी होऊन, मतदान लागेपर्यंत कार्यक्रम केव्हाच संपलेला असेल. म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुकानावर तुम्ही मत देऊ शकता, पण तुमच्या घरासमोरच्या मैदानावर एका रात्रीत हजारो लोकांना दारू दिली जाणार असेल तर तुमचं म्हणणं मांडायला वेळही नाही आणि जागाही नाही.

मग लोक काय करतात? आमदाराकडे जातात, रस्त्यावर येतात, व्हिडिओ व्हायरल करतात. पुण्यात तेच झालं. ज्याची ओळख मोठी, त्याचं मैदान कोरडं. ज्याची ओळख नाही, त्याच्या दारात बाटल्यांचा खच.

'नाच चालेल, ग्लास नाही' यावर कोर्ट काय म्हणालं?

मग करमणुकीच्या ठिकाणी दारूला सरसकट बंदी का घालू नये? महाराष्ट्रानं हा प्रयत्न केला आहे, डान्सबारच्या बाबतीत. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना डान्सबारवर बंदी आली. ती कोर्टात टिकली नाही. २०१६ मध्ये नवा कायदा आणि कडक नियम आले. त्यातली एक अट होती की जिथे नाच चालतो तिथे मद्य द्यायचं नाही.

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट रद्द केली. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट आणि सीसीटीव्हीची सक्तीही गेली. पण संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा ही वेळेची मर्यादा कोर्टानं कायम ठेवली, आणि पैसे उधळण्यावरची बंदीही.

यातून घ्यायचं ते एवढंच. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आधीच सांगून ठेवलं आहे. सरकार नियम करू शकतं, बंदीही घालू शकतं. पण एकीकडे परवाना द्यायचा आणि दुसरीकडे तो वापरता येणार नाही अशा अटी लावायच्या, हे चालत नाही.

बाहेर काय चाललंय?

तामिळनाडूनं २०२३ मध्ये नियम बदलून परिषदा, कार्यक्रम आणि स्टेडियमसाठी विशेष परवाना आणला. सुरुवातीच्या यादीत मंगल कार्यालयंही होती. एवढा गदारोळ झाला की सरकारला लग्नाचे हॉल वगळावे लागले. नंतर मद्रास उच्च न्यायालयानं त्या अधिसूचनेला अंतरिम स्थगितीही दिली.

आपल्या शेजारी गुजरात आहे. खानदेशातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस सुरतला कामाला असतो, त्यामुळे तिथली दारूबंदी आपल्याला ऐकून माहीत आहे. गंमत म्हणजे दोन्ही राज्यांचा मूळ कायदा एकच, जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा. १९६० नंतर गुजरातनं बंदी ठेवली, महाराष्ट्रानं परवान्यांचा रस्ता धरला. २०२३ च्या वर्ल्ड कपची फायनल अहमदाबादच्या मोदी स्टेडियमवर झाली. जगातलं सगळ्यात मोठं क्रिकेट स्टेडियम दारूबंदी असलेल्या राज्यात आहे. म्हणजे बिअरशिवाय मॅच होत नाही, हा दावा खरा नाही.

इंग्लंडनं मधला मार्ग काढला. तिथे १९८५ च्या कायद्यानुसार मोठ्या फुटबॉल सामन्यात मैदान दिसेल अशा जागी बसून प्रेक्षकांना दारू पिता येत नाही. स्टेडियमच्या आतल्या बाजूला, मैदान दिसणार नाही तिथे, मिळते. आणि कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला, स्पर्धा सुरू व्हायला दोन दिवस असताना, स्टेडियममधली बिअर विक्री बंद केली गेली. ऐनवेळी निर्णय फिरवणं फक्त पुण्यातच होतं असं नाही.

पारोळ्याचा प्रश्न वेगळा आहे

खरं सांगायचं तर पारोळ्यात कोणी दिलजीतचा शो ठेवणार नाही. इथे बालाजी महाराजांचा रथोत्सव आहे, शेजारी अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा आहे, गावोगावी कुस्त्यांची दंगल, तमाशा आणि आता नाईट क्रिकेट आहे. यात दारूचा परवाना मागायला कोणी जात नाही. तरी दारू नसते असं कोण म्हणेल?

शिवाय पारोळा हे धुळे-जळगाव महामार्गावरचं गाव. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू दुकान नको असा निकाल दिला होता. कारण सरळ होतं: अपघात. पण २०१७ मध्ये कोर्टानंच स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या दुकानांना हा नियम लागू नाही. त्यामुळे पारोळ्यासारख्या नगरपरिषदेच्या गावांत महामार्ग आणि परमिट रूम यांच्यातलं अंतर हा पुन्हा स्थानिक प्रश्न झाला.

विनापरवाना ढाब्यावर किंवा हॉटेलात दारू पिऊ देणं हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, आणि तिथे बसून पिणाऱ्यावर कलम ८४ लागतं. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा घातला तर कलम ८५. म्हणजे कायद्यात कमतरता नाही. कमतरता आहे ती जबाबदार माणसाची. परवाना असलेल्या स्टॉलवर नाव असतं, वेळ असते, वयाची अट असते, माल कुठून आला याची नोंद असते. चूक झाली तर पकडायला एक गळा असतो. डिक्कीतल्या बाटलीला यातलं काहीच नसतं. आणि माल कुठला, हे माहीत नसणं किती महाग पडतं ते २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं. तिथे विषारी दारूनं १०० हून जास्त माणसं गेली.

याचा अर्थ प्रत्येक यात्रेत बिअरचा स्टॉल लावा असा नाही. जिथे बायका-मुलं जमतात, जिथे देवाचं काम आहे, तिथे नको म्हणण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. पण 'परवाना नाकारला' म्हणजे 'दारू बंद झाली' असं समजून घरी जाऊन झोपणं, ही स्वतःचीच फसवणूक आहे.

सरकारच्या हेतूकडेही डोळे उघडे ठेवून बघायला हवं. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल असा अंदाज सांगितला गेला. परवाना देणारा आणि दारू आवरणारा विभाग एकच आहे. म्हणून लोकांचा आवाज या प्रक्रियेत आधी यायला हवा, नंतर नाही.

मग व्हायला काय हवं?

पहिली गोष्ट: एक दिवसाच्या परवान्याचा अर्ज आला की तो काही दिवस आधी जाहीर व्हावा. नगरपरिषदेच्या फलकावर आणि ऑनलाइन. आक्षेप घ्यायला मुदत असावी, आणि निर्णय कारणासहित लिहिलेला असावा. देणार असाल तर का, नाकारणार असाल तर का.

दुसरी गोष्ट: परवानगी द्यायचीच तर अटी खऱ्या असाव्यात. वेगळी बंदिस्त जागा, वयाचा पुरावा, कार्यक्रम संपायच्या बराच आधी विक्री बंद, आणि बाहेर पडताना ब्रेथ अ‍ॅनालायझर. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे बॅनरवर छापा की.

तिसरी गोष्ट: परवाना नसलेल्या कार्यक्रमात मैदानावर दारू सापडली तर जबाबदारी आयोजकावरही यावी. मैदान मागताना आपण हमीपत्र देतोच, त्यात ही ओळ घालता येते.

आणि तुम्ही आज काय करू शकता?

कार्यक्रमाआधी लेखी तक्रार द्या. एक प्रत जळगावच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस ठाण्याला, आणि पोच घ्या. सार्वजनिक शांततेसाठी दारू दुकानं बंद ठेवण्याचा आदेश जिल्हाधिकारी कलम १४२ खाली देऊ शकतात. गणेश विसर्जनाला दुकानं बंद असतात, ती बऱ्याचदा याच कलमानं. कार्यक्रम झाल्यावर माहितीच्या अधिकारात विचारा की परवाना कुणाला दिला, कोणत्या अटींवर, तपासणीला कोण आलं होतं. १० रुपये आणि ३० दिवस लागतात. आणि रात्री काही बिनसलंच तर ११२.

स्टेटस टाकायला दोन मिनिटं लागतात, अर्ज लिहायला अर्धा तास. पण पुढच्या टुर्नामेंटच्या रात्री तुमचा भाऊ बाईकवर घरी येणार असेल, तर तो अर्धा तास फार नाही.