हात सोडून बघा

रिमोटच्या विमानाच्या खोक्यावर 'रेडी टू फ्लाय' असं ठळक छापलेलं असतं. या तीन शब्दांवर माझा फार राग आहे. पंख बसवले, बॅटरी जोडली की म्हणे विमान उडायला तयार. हॉल बुक झाला म्हणजे संसार थाटला म्हणण्यातला प्रकार!

विषय निघाला भाच्यामुळे. बारा वर्षांचा आहे. दिवाळीत त्याला एक ट्रेनर विमान मिळालं. पहिल्याच उड्डाणात ते नाक वर करून थबकलं आणि धपकन खाली आलं. हट्ट करून दुसरं आणलं, तेही तसंच. तेव्हापासून पोरगा म्हणतो, "मला नाही जमत." भाऊजी म्हणतात, नाद सोड, अभ्यासाला लाग. ताईने फोन केला, "तू यातला ना, तूच सांग काय करायचं."

माझं मत असं, की पोराच्या हातांना दोष देण्याआधी विमान दोन बोटांवर उचलून बघावं.

ट्रेनर विमान दिसायला बावळट असतं. पंख धडाच्या वर, जाड आणि खालून जवळजवळ सपाट. पंखांची टोकं किंचित वर उचललेली. लढाऊ विमानं बघून आलेल्या पोरांना ते आवडतच नाही. पण त्या बावळटपणात मोठी अक्कल दडलेली आहे. विमान एका अंगाला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान आपलं आपण सरळ होऊ लागतं. वेग कमी झाला तर नाक थोडं खाली झुकतं, वेग परत येतो, नाक परत वर येतं. म्हणजे पुरेशी उंची असेल आणि तुम्ही स्टिक सोडून दिलीत, तर चांगलं ट्रेनर स्वतःला सावरतं. नवशिक्याकडून बहुतेक विमानं पडतात ती काही न केल्यामुळे नाही, फार केल्यामुळे. डावीकडे कललं म्हणून उजवीकडे जोरात, मग त्याहून जोरात डावीकडे, आणि तिसऱ्या हेलकाव्याला जमीन.

पण हे सावरणं एका अटीवर. तोल बरोबर हवा.

समजा पंख पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत २० सेंटिमीटर रुंद आहे. अशा विमानाचा तोल साधारण २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर असावा. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो, तोच पाळायचा. बॅटरीसकट सगळं बसवून पंखांखाली त्या रेषेवर दोन बोटं धरायची आणि उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर ते विमान घराबाहेर न्यायचंच नाही. या छंदातली जुनी माणसं म्हणतात, नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं.

भाच्याचं दुसरं विमान मी जेवणाच्या टेबलावर चिकटपट्टीने जोडून, सगळं आत बसवून असं उचललं. शेपूट सरळ खाली. कारण सापडायला वेळ लागला नाही. दुकानदाराने मूळ बॅटरी शिल्लक नाही म्हणून बरीच हलकी बॅटरी दिली होती, "चालते हो, व्होल्टेज तेवढंच आहे" असं सांगून. व्होल्टेज तेवढंच होतं, हे खरं. पण नाकात बसणारी बॅटरी ही विमानाचं वजनही असते, हे त्याला कोण सांगणार! एक किलोच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी २ सेंटिमीटर पुढेमागे सरकवली तर तोल साडेतीन मिलिमीटरने हलतो. इथे तर निम्मं वजनच गायब. असं विमान कसलेल्या माणसालाही घाम फोडतं. बारा वर्षांच्या पोराने त्यावरून स्वतःला नालायक ठरवावं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

बाकीची तपासणीही टेबलावरचीच. प्रोपेलर काढून ठेवायचा (हे विसरू नका, बोटं महाग असतात), विमानाच्या मागे उभं राहायचं, स्टिक उजवीकडे न्यायची. उजव्या पंखाचा एलेरॉन वर आला पाहिजे. स्टिक मागे ओढली की एलेव्हेटर वर. सर्वो उलटा फिरत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा. पट्ट्या फार हलत असतील तर ट्रान्समीटरवरून हालचाल कमी करून घ्यायची.

मग पहिलं उड्डाण. वाऱ्याच्या तोंडावर, नाक आभाळाकडे न करता समोर सरळ फेकायचं आणि आधी उंची घ्यायची. उंची म्हणजे वेळ. वर गेल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणायचा, ट्रिम करून विमान सरळ चालू लागलं की स्टिक सोडायची. पूर्णपणे. हे सर्वात अवघड. अंगठे ऐकत नाहीत. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथे एक सोपी युक्ती: जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच्याकडे स्टिक न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय. हे एवढं मात्र सिम्युलेटरवर आधी घोटून घ्यावं. तोल कसा बघायचा ते सिम्युलेटर शिकवत नाही.

आता जायरो. हल्ली बऱ्याच ट्रेनरमध्ये तो असतो, विमानाला कलूच देत नाही. वाऱ्यात कामाचा आहे, घाबरलेल्याला आधार आहे, नाही कोण म्हणतं. पण तो चुकलेला तोलही बराचसा झाकतो, आणि विमान स्वतः सावरतंय की यंत्र सावरतंय हे शिकणाऱ्याला कळत नाही. पहिल्या दहा-बारा उड्डाणांना बाजूला जाणता माणूस हवा आणि जायरो बंद हवा. जाणता माणूस अजिबात मिळत नसेल तर जायरो चालू ठेवा, पण तोल तरी बोटांवर बघाच.

तेव्हा ताई, तिसरं विमान घेऊ नका. फोमचं नाक चिकटतं. तेवढ्याच वजनाची बॅटरी आणा, आणि ती मिळेपर्यंत भाच्याकडून रोज एकदा तोल बघून घ्या.

जागा मोकळी हवी, माणसं-गुरं-विजेच्या तारा नसलेली. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडलेत. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी नकाशा बघूनच माळ निवडावा. आणि जावं पहाटे, वारा उठायच्या आत. ऊन तापून घारी पंख न हलवता वर चढू लागल्या, की बॅटऱ्या आवरून नाश्त्याला घरी.