पद्मिनीचं बॉनेट कोण उघडणार?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट गाडीला १९७४ मध्ये नवं नाव मिळालं, 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव. पुढची पंचवीसेक वर्षं ही पद्मिनी डॉक्टरांच्या दारात, वकिलांच्या दारात, साखर कारखान्याच्या संचालकांच्या दारात दिमाखानं उभी राहिली. नाव बाईचं, पण बॉनेट उघडलं की बाईनं लांब उभं राहायचं, असा आपल्याकडचा अलिखित नियम. दसऱ्याला गाडीला हळदकुंकू आपण लावायचं, झेंडूचा हार आपण ओवायचा. आणि गाडी वाटेत बंद पडली की ऐकायचं काय? "तू आत बस, मी बघतो."

मैत्रिणींनो, आज हा विषय काढायला कारण आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली, कारण टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा आहे. आता ही गाडी रस्त्यात दिसली की माणसं थांबून फोटो काढतात. तालुक्याच्या गावांतही पत्र्याच्या शेडमध्ये कुणाची फियाट, कुणाची अँबॅसडर, कुणाची जीप पुन्हा उभी करायचं काम चाललेलं दिसतं. आणि अशा प्रत्येक घरात एक बाई मला सांगते, "अहो, ती गाडी नाही, माझी सवत आहे!" रविवार तिचा, अंगण तिचं, बोनसचे पैसेही तिचेच.

तक्रार खोटी नाही. पण माझं मत जरा वेगळं आहे. आपण शेडच्या बाहेर उभ्या राहतो म्हणून ती सवत वाटते. आत गेलं की कळतं, तिथे चाललेलं काम आपल्या चांगल्या ओळखीचं आहे.

आमच्याच घरचं सांगते. माझ्या सासऱ्यांची १९८० सालची पद्मिनी. डोळे अधू झाल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि गाडी परसात ताडपत्रीखाली गेली. ते गेले, तेव्हा भंगारवाला दोनदा येऊन वजनावर भाव सांगून गेला. आमचे हे आणि मुलगा मात्र म्हणाले, गाडी घरीच दुरुस्त करायची. मग कागद निघाले. मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म भरायचा, असा नियम आहे. त्यासोबत बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. वारस म्हणजे मुलगाच नव्हे, मुलगीसुद्धा. म्हणून नणंदेला सहीसाठी बोलावलं.

त्या दिवशी मेकॅनिक नवी बॅटरी घेऊन आला होता. एकदा सेल्फ मारून बघू म्हणाला. वन्सं चहाचा कप खाली ठेवून उठल्या. "थांबा, तसं करू नका. सहा वर्षं उभी आहे ती. आधी प्लग काढा. चारही सिलिंडरमध्ये चमचा-चमचा तेल सोडा आणि दोन दिवस मुरू द्या. मग पुलीला पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर सेल्फचं बघू."

सगळे बघतच राहिले. मी म्हटलं, "वन्सं, हे तुम्हाला कसं ठाऊक?" त्या हसल्या. "वहिनी, अण्णा गाडीखाली जायचे तेव्हा टॉर्च कोण धरत होतं? दादा क्रिकेट खेळायला पळायचा." पॉइंटमधली फट किती ठेवायची, प्लगचा रंग बघून पेट्रोल जास्त जातंय की कमी हे कसं ओळखायचं, हे सगळं त्या बाराव्या-तेराव्या वर्षी शिकल्या होत्या. लग्न झालं आणि पुढे कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी इंजिन हातानं फिरलं. आत अडकलेलं असताना सेल्फ मारला असता, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर खराब व्हायची भीती होती.

मला त्या दिवशी आनंद झाला, तसं वाईटही वाटलं. गाडी भंगारात गेली असती तर लोखंड गेलं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण वन्संच्या हातातली विद्याही गेली असती, आणि ती आहे हेच कुणाला कळलं नसतं. आपल्या गावांत अशा किती जणी असतील?

आणि ही विद्या काही आकाशातून पडलेली नाही. रॉकेलचा स्टोव्ह आठवतो ना? ज्योत पिवळी झाली की पिन घालून बर्नरचं भोक मोकळं करायचं. कार्ब्युरेटरमध्ये जेट नावाचं असंच बारीक भोक असतं. त्यात कचरा अडकला की गाडी गचके खाते. कुकर गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे शाळकरी मुलीलाही सांगावं लागत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण न उघडण्याचं कारण अगदी तेच, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. शिलाई मशीनला वेळेवर तेल दिलं नाही तर ते जड चालतं, कुकरची रिंग कडक झाली की वाफ सुटते. जुन्या गाडीची निम्मी दुखणी अशीच असतात, तेल सुकलेलं आणि रबर कडक झालेलं.

मोटारीच्या इतिहासातली पहिली लांबची सफरही एका बाईनंच केली. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही नवऱ्यानं बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्ट्सहाइम, सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचं लाकूड झिजलं, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आपली स्टोव्हची पिन आणि तिची टोपीची पिन यांत फरक तो काय?

आता कामाचं बोलू. घरी गाडी सुधारायची म्हटलं की पुरुषमंडळींना घाई असते ती रंगाची. शेजारपाजारी दिसतो तो रंगच ना! पण रंग शेवटी यायला हवा. आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग वायरिंग आणि पेट्रोलच्या नळ्या, मग इंजिन आणि गिअर, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर तडकलेलं असतं. कापडाची सुरळी उंदरानं कुरतडावी तशी वायरिंगची गत झालेली असते, आणि तिथूनच आग लागते. शिवाय २०२५ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या टाकणं भागच आहे.

पत्र्याचं काम म्हणजे खरी परीक्षा. पायाखालचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ इथे गंज हमखास असतो. गंजकं कापून नवा पत्रा वेल्डिंग करायचा, रेड ऑक्साइड मारायचा, मग हलका हात लांबीचा, हा सरळ रस्ता. गंजावरच लांबी थापून वर चकचकीत रंग मारणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन पावसाळ्यांत फुगवटे वर येतात. ओळखायची खूण सोपी आहे. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे.

सुटे भाग नाहीत म्हणून अडून बसायची गरज नाही. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याची दुकानं इथे शोधलं तर बरंच मिळतं. जे मिळत नाही ते घडवणारे हातही आपल्याकडे आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेला कारागीर जुना तुकडा हातात घेऊन तसाच नवा करून देतो.

आमच्या घरात माझ्याकडे आली ती वही आणि पिशव्या. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढायचा. त्याचे नटबोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि वर चिठ्ठी लावायची, 'डावं पुढचं दार, वरची बिजागरी'. दिवाळीची भांडी काढताना आपण लावतो तशी ही शिस्त. वहीत तीन रकाने: काय आणलं, कितीला, कशासाठी. पहिल्या अंदाजाच्या दुप्पट खर्च धरून चाला आणि महिन्याची मर्यादा आधीच ठरवा. मुलीच्या फीला आणि दवाखान्याला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या करा. नाद करावा, पण घर बुडवून नको.

यानंतर घरोघरी होतं ते भांडण, गाडी जशी होती तशी ठेवायची की आपल्या आवडीनं सजवायची? आमच्या चिरंजीवांना रुंद चाकं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि नव्या गाडीचं इंजिन हवं होतं. यांना एक स्क्रूही बदलायचा नव्हता. इथे कायदा माहीत असलेला बरा. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. रंग बदलला तरी त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते.

शिवाय 'व्हिंटेज' हा शब्द आपण सरसकट वापरतो, कायदा तसा वापरत नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नियमात नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं आहे. मात्र ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. भाजी आणायला नाही! आमची पद्मिनी २०३० मध्ये पन्नाशीची होईल. आज तिचं इंजिन बदललं तर तेव्हा तो मान मिळणार नाही. व्हिंटेज न करता रोज वापरायची असेल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी आणि नूतनीकरण आलं, महाराष्ट्रात पर्यावरण कर आला, विमाही आला.

म्हणून आम्ही घरात एक नियम केला. जे पुढे काढून पूर्ववत करता येईल, तेवढंच बदलायचं. सीटला नवं कापड, चांगले ब्रेक लायनर, मागे नीट दिसणारे दिवे. मुळात सीटबेल्ट नव्हते, ते मी हट्टानं बसवून घेतले. कारागिराला मजबूत जागा बघून पक्के लावायला सांगितले. स्टिअरिंगजवळचा गिअर मात्र तसाच ठेवला. चिरंजीव दोन दिवस फुगले, पण गाण्यांची सिस्टिम मिळाल्यावर खुलले.

जिवाच्या गोष्टींत मात्र कुणाचं ऐकू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, खाली भक्कम घोड्या हव्यातच. पेट्रोलची टाकी उघडी असताना जवळ देव्हाऱ्यातला दिवा नको, मच्छर अगरबत्ती नको. जुन्या ब्रेक लायनरची धूळ फुंकू नका, झाडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून फडकं फेकून द्या. स्प्रेचा रंग घराच्या शेडमध्ये मारू नका, ते काम रंगवाल्याकडे, योग्य मास्क लावून. आणि लहान मुलं शेडपासून दूर.

एवढं सगळं करायचं कशासाठी, असं कुणी विचारेल. नवी गाडी हप्त्यानं मिळते की! मिळते, आणि रोजच्या धावपळीला तीच बरी. पण जुनी वस्तू उसवून, दुरुस्त करून पुन्हा उभी करणं ही आपली जुनी सवय आहे. आईच्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे की गोधडी शिवली की ते 'बायकांचं काम' आणि पत्रा जोडला की ती 'कला', हे कुणी ठरवलं?

म्हणून घरात जुनी गाडी असेल, नाही तर नुसती स्कूटर असेल, तर या रविवारी शेडमध्ये चहा घेऊन जा आणि तिथेच बसा. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून पातळी बघा. विचारा, हे काय, ते काय. हसले तर हसू देत. वारसाचे कागद करायचे असतील तर लेकीबाळींना आधी विचारा, आणि सहीपुरतं विचारू नका. आणि घरातली पोर टॉर्च धरून उभी असेल ना, तर एकदा टॉर्च तुम्ही धरा. पाना तिच्या हातात द्या.