दोन जहाजांचा मोह



आपल्या बारडोलीपासून भरूच काही फार दूर नाही. सातशे वर्षांपूर्वी त्या गावात एक फ्रेंच धर्मगुरू सेवा करून गेले. ते डोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन कातालानी. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात त्यांचे चार सोबती मारले गेले. जॉर्डन तेव्हा ठाण्यात नव्हते. बातमी कळताच ते परत फिरले आणि त्यांनी त्या चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी घोघा बंदरातून पत्र लिहिले. धर्मकार्यासाठी आणखी माणसे पाठवा, असे सांगून त्यांनी तीन ठिकाणे सुचवली: सोपारा, भरूच आणि कोल्लम. सोबत्यांना माती देऊन सहा महिने झाले होते, तरी हा मनुष्य पळून गेला नाही. पुढे १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी अविन्योंत त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. भारतातल्या लॅटिन पंथाचे ते पहिले बिशप.

आम्हांला त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणूनच त्यांच्या १३२४ च्या पत्रातली एक गोष्ट मनाला टोचते. एकटेपणा आणि हालअपेष्टा सांगता सांगता ते म्हणतात की, पोपमहोदयांची दोनच लढाऊ जहाजे या समुद्रात आली तर केवढा लाभ होईल आणि इजिप्तच्या सुलतानाचे केवढे नुकसान होईल! ज्या हातांनी हुतात्म्यांना पुरले, त्याच हातांनी हे लिहिले. दुःखाने थकलेल्या भाविक माणसालाही राजसत्तेचा आधार हवासा वाटतो. हा मोह दुष्टांपुरता नाही.

जॉर्डन यांना ती जहाजे मिळाली नाहीत. पावणेतीनशे वर्षांनी दुसऱ्या एका धर्माधिकाऱ्याला मिळाली. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या पाठीशी पोर्तुगालचा राजा होता, तोफा होत्या, कोचीच्या राजावर दबाव होता. १५९९ मध्ये त्यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली आणि केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांच्या जुन्या चालीरीती बदलायला लावल्या. त्यांचे सिरियाक ग्रंथ जाळले गेले. १६०७ ते १६०९ या काळात तर मेनेझिस गोव्याचे गव्हर्नरही होते. क्रूस आणि राजदंड एकाच हाती आले. फळ काय मिळाले? १६५३ मध्ये मट्टांचेरीला हजारो ख्रिस्तींनी क्रुसासमोर शपथ घेतली की जेझुइट आर्चबिशपांची आज्ञा आम्ही पाळणार नाही. तेव्हा झालेली फूट आजही पुरती सांधलेली नाही.

हे सारे आज कशासाठी सांगायचे? कारण आपल्यातही एक कुजबुज असते. निवडणूक आली की, किंवा एखादी परवानगी अडली की, कोणीतरी म्हणतेच, ‘वर आपला एखादा माणूस हवा. त्याला सभेत हार घालू, आपली मते त्याला देऊ, काम होऊन जाईल.’ आपण संख्येने थोडे आहोत, भीतीही खरी आहे. त्या भीतीला आम्ही हसत नाही. पण वेदीजवळून मतांचा शब्द दिला की उद्या वेदीवरून सत्य कसे बोलणार?

काही जण विचारतील, मग अन्याय गुपचूप सोसायचा का? मुळीच नाही. संत पौलाने रोमी नागरिक म्हणून कैसराकडे दाद मागितली. हक्क मागणे वेगळे आणि जहाजे मागणे वेगळे. हक्क सगळ्यांना सारखा असतो. जहाज फक्त आपल्या बाजूने लढते. म्हणून अर्ज करावा, स्वतःच्या नावाने सही करावी, कोर्टात जावे, आणि शेजाऱ्यावर अन्याय झाला तर त्याच्यासाठीही सही करावी. मत ज्याने त्याने आपल्या विवेकाने द्यावे.

हे शिकायला आपल्याला रोमला जायला नको. १९२८ मध्ये याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी २२ टक्के सारावाढ भरायला नकार दिला. जमिनी जप्त झाल्या, गुरे ओढून नेली. गावोगावच्या पटेल-तलाठ्यांनी तर हातातले सरकारी पदच सोडून दिले. कोणी शस्त्र उचलले नाही. शेवटी चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. ज्या भूमीवर हे घडले तिथे उपासना करणाऱ्यांनी सत्तेपुढे लाचार व्हावे, हे शोभत नाही.

आमची विनंती एवढीच की, येत्या रविवारी कुटुंबाच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, मग ते आपल्या पसंतीचे असोत वा नसोत. आणि आपल्या बिशपांसाठी, धर्मगुरूंसाठी एक मागणे करावे: प्रभो, त्यांना जॉर्डनसारखे मृतांजवळ परत फिरण्याचे धैर्य दे, आणि दोन जहाजांच्या मोहापासून त्यांना व आम्हांला राख. आमेन.